कानात सांगितलेल्या नावाची कहाणी

ही कहाणी सांगायची नाही, असं मी एका माणसाला कबूल केलं होतं. दोन वर्षं पाळलं. आज मोडते.

श्रावणातल्या दर शुक्रवारी जिवतीपुढं मीच वाचते. माझा आवाज बारीक आहे, पण अक्षरं स्वच्छ येतात, असं आंबूकाकू म्हणतात. आज मी पुस्तकातली कहाणी वाचणार नाही. पुस्तक मिटून पाटाखाली ठेवलंय. माझ्या वहीत लिहिलेली वाचते. काकू, तुम्ही हसू नका, हसलात तर मला पुढचं येणार नाही. दूध गार झालं तर मी पुन्हा तापवून देईन, फुटाणे तर काही गार होत नाहीत. अक्षता तेवढ्या मुठीत धरून ठेवा. पडद्यामागं आई बारा दिवसांच्या बाळाला घेऊन बसलीय. तिनंही ऐकावं.

जिवती आई, तूही कान दे.

आटपाट नगरातला राजवाडा तुम्ही पुष्कळदा ऐकलात. मी त्याच नगरातली खालची आळी सांगते. तिथं बुरुडांची घरं होती. एका घरात दाजीबा बुरूड राहायचा. बांबू चिरावा, कामट्या काढाव्या, सुपं विणावी, पाळणे विणावे, असा त्याचा दिवस. नगरातलं कुठलंही तान्हं निजायचं ते दाजीबाच्या पाळण्यात. त्याची बायको सगुणा. त्यांना एक लेक होती, तिला थोरली म्हणू. ती सातवीत होती, बघायची पुष्कळ, बोलायची कमी. आणि दाजीबाची एक बहीण होती, गोजरा. तिला शेजारच्या गावी दिलेली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिच्या घरी पाळणा हलला नव्हता. भावानं विणलेली सुपं डोक्यावर घ्यायची, आज ह्या गावच्या बाजारात, उद्या त्या गावच्या, अशी ती हिंडायची.

मग काय झालं? तेरा वर्षांनी सगुणेला पुन्हा दिवस गेले. आषाढात मुलगा झाला. दाजीबानं हिरवा बांबू चिरून नवा पाळणा विणला. कामटी कुठं टोचू नये म्हणून स्वतःच्या गालावर घासून बघितली. पाचवीच्या दिवशी गोजरा बाळंतपण करायला आली. आल्या आल्या म्हणाली,

"वहिनी, तुम्ही आता पदराला हात पुसायचा नाही. पाणी मी तापवणार, भात मी टाकणार. आणि नाव मी ठेवणार."

"नाव तुम्हीच ठेवायचं, वन्सं," सगुणा म्हणाली. "आत्या दुसरी आणू कुठून?"

गोजरा हसली. हसता हसता तिला ठसका लागला. ती मागच्या दारी गेली.

थोरली तिच्या मागं पाणी घेऊन गेली. बांबूच्या ढिगाआड आत्या वाकून बसली होती. ती खोकत होती. एकामागं एक, एकामागं एक, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. तोंड लाल झालं, मग जांभळं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं श्वास आत ओढला. रिकामी घागर विहिरीत तिरपी बुडावी तसा आवाज झाला. मग ती ओकली. मग तोंड धुऊन, केस सारखे करून उठली, जसं काही झालंच नाही.

"आत्या, हे कधीपासून?"

"झाले असतील पंधरा दिवस. पालीच्या बाजारात पोरं अशीच खोकत होती. ज्या घरी सूप द्यायला जावं त्या घरी पोर खोकतंय. बाजारातली धूळ गं, दुसरं काय."

"आईला सांगू?"

आत्यानं तिचा हात धरला. "सांगू नकोस, बाय माझी. सांगितलंस तर म्हणतील, वांझ ती वांझ, वर खोकत आलीय, हिला पाळण्याला हात लावू देऊ नका. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना सुपं विकली. एकदा तरी कुणाच्या तरी कानात नाव सांगू दे. मग खुशाल सांग."

थोरली म्हणाली, "नाही सांगत."

मग बारशाचा दिवस उजाडला. सकाळी दारात एक म्हातारी आली. तिच्या खांद्याला निळी पेटी होती, पेटीत बर्फ, बर्फात सुया. नगरात तिला सगळे पेटीवाली आजी म्हणायचे. काही म्हणायचे, जिवतीच असं रूप घेऊन हिंडते. काही म्हणायचे, कसली जिवती, सुई टोचते नि पोरं रडवते. आजी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पायातलं काढलं. आणि पुसलं,

"बाळाची आई, बाळाची आई, घरात कुणी खोकतं का?"

सगुणा म्हणाली, "नाही हो आजी. घरात आनंदीआनंद आहे. पेढा खाऊन जा."

"पेढा खाईन, पण वसा देऊन जाईन. खोकणाऱ्याला पाळण्यापाशी येऊ द्यायचं नाही, मग तो सख्खा असो की परका. दीड महिन्याची सुई चुकवायची नाही. आणि श्वास अडला तर मुहूर्त बघायचा नाही. घेशील?"

"घेते," सगुणा म्हणाली. हाताला पिठलं लागलेलं होतं, तसाच हात जोडला.

थोरली दाराशीच होती. तिच्या तोंडावर शब्द आला. तिनं तो गिळला. एकदा गप्प राहिली.

मग दुपारी बायका जमल्या. पाळण्याला झेंडूची माळ बांधली. बाळाला पाळण्याखालून इकडं दिलं, वरून तिकडं घेतलं. आत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. सकाळपासून तिनं दाढेत लवंग धरली होती. खोकला आला की ओठ मिटायची, डोळे मिटायची, गिळून टाकायची. थोरलीखेरीज कुणाला कळलं नाही.

मग आत्या पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाला तोंड लावलं. "कुर्रर्र..." म्हणाली.

आणि बायकांनी, रीत असते तशी, तिच्या पाठीत धपाटे घातले.

एक धपाटा बसला, लवंग सुटली. दुसरा धपाटा बसला, श्वास सुटला. तिसरा धपाटा बसला आणि सकाळपासून दाबलेला खोकला एकदम बाहेर आला. तोंड मागं घ्यायला सवड मिळाली नाही. ती बाळाच्या तोंडावरच खोकली. मग पदर लावला, मग वळली. मग पुन्हा वाकून घाईघाईनं म्हणाली, "श्रीरंग." आणि मागच्या दारी पळाली.

बायका हसल्या. एक म्हणाली, "आत्याबाईंना ठसका लागला, भाच्यानं कुर्र केलं उलटं!" दुसरी म्हणाली, "अगं, गहिवरली असेल ती. पेढा भरवा तिला." सगुणाही हसली. थोरली हसली नाही. तिनं आपल्या फ्रॉकच्या टोकानं बाळाचा गाल पुसला. पुसून काय होतं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग आठ दिवस गेले. दहा दिवस गेले. श्रीरंगाचं नाक वाहायला लागलं. शिंक यायची, बारीकसा खोकला यायचा. ताप नव्हता. सगुणा म्हणाली, "पावसाळी हवा आहे." दाजीबा म्हणाला, "सर्दी कुणाला होत नाही?"

मग दुसऱ्यांदा पेटीवाली आजी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि पुसलं,

"बाळाची आई, बाळाची आई, घरात कुणी खोकत होतं का?"

सगुणेनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा कामटी तासत होता. म्हणाला, "आजी, सर्दी आहे हो. पोराला डांग्या खोकला झालाय असं म्हणता की काय? डांग्या खोकल्यात श्वास आत ओढताना लांब हूक येते. लहानपणी मी ऐकलीय. ह्याला कुठं येते?"

"एवढ्याशा जिवाला हूक येत नाही, बाबा. हूक यायला छातीत जोर लागतो. एवढं पोर खोकतसुद्धा नाही धड. ते थांबतं."

"थांबतं म्हणजे?"

"श्वास घ्यायचं थांबतं. ओठ बघत जा. आजच दवाखान्यात नेलंत तर बरं."

दाजीबा म्हणाला, "सव्वा महिना व्हायचाय. बाळबाळंतिणीनं सव्वा महिन्याआधी उंबरा ओलांडायचा नाही, आमच्यात रीत आहे."

आजीनं थोरलीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. थोरलीनं पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरली. दुसऱ्यांदा गप्प राहिली.

मग घरात उपाय चालू झाले. पहिल्या दिवशी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा धूर झाला, श्रीरंगाला ढास लागली, ती थांबेना. दुसऱ्या दिवशी शेगडीत ओवा टाकून धुरी दिली. पुन्हा धूर झाला, पुन्हा ढास लागली, प्यायलेलं दूध सगळं बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं मध चाटवायला सांगितला. गोजरा म्हणाली, "नको गं वहिनी, धूरही नको, चाटणही नको. आजी म्हणतात तसं नेऊ या." सगुणा म्हणाली, "सात दिवस राहिलेत, वन्सं. सात दिवसांनी सव्वा महिना होतो." गोजरेला कुठल्या तोंडानं आणखी बोलावं कळेना. ती रात्रंदिवस बाळाचे लंगोट धुवत होती आणि मागच्या दारी जाऊन खोकत होती.

मग दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ होती. ऊन पडलं होतं. सगुणा बाळाला पाजत होती. पिता पिता श्रीरंग थांबला. तिला वाटलं, झोपला. तिनं गालाला बोट लावलं. बाळानं तोंड हलवलं नाही. ओठ बघितले तर जांभळाच्या रसासारखे. तिनं हाक मारली, "अहो!" तळपायावर टिचकी मारली. एक, दोन, तीन... मग श्रीरंगानं श्वास घेतला. अगदी लहान, चिमणीएवढा. मग पुन्हा थांबला.

तेवढ्यात तिसऱ्यांदा पेटीवाली आजी आली. तिनं ह्या वेळी पायातलं काढलं नाही. सरळ आत आली. बाळाला घेतलं, एका कुशीवर धरलं, पाठ चोळली. श्वास आला. आणि तिनं पुसलं,

"आता तरी सांगा. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचारतील. ह्या घरात आधी कोण खोकत होतं?"

थोरलीनं तोंड उघडलं.

तिच्याआधी आत्या पुढं झाली. म्हणाली, "मी. मी खोकत होते. महिना होऊन गेला. बारशाच्या आधीपासून."

सगुणेनं तिच्याकडं बघितलं. "बारशाच्या आधीपासून? आणि तुम्ही माझ्या पोराच्या कानाला तोंड लावलंत?"

"वहिनी, मला वाटलं, धूळ आहे..."

"कुणाला ठाऊक होतं हे?"

आत्यानं थोरलीकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या जिवतीच्या कागदाकडं बघत म्हणाली, "कुणालाच नाही."

आणि मी गप्प राहिले. तिसऱ्यांदा.

मी असं वाचलं का? वहीत थोरली असं लिहिलंय. असू दे. तोंडातून निघालंच आहे. ती थोरली मी. आई, ती मी होते. मला बारशाच्या सात दिवस आधी ठाऊक होतं. मी बांबूच्या ढिगाआड बघितलं होतं. आत्यानं एकदा मागितलं म्हणून मी कबूल केलं, आणि त्यानंतर आजींनी तीनदा पुसलं, तीनदा मी सांगितलं नाही.

काकू, रडू नका. मला वाचून संपवू दे.

मग सगुणेनं, माझ्या आईनं, उंबरा ओलांडला. सव्वा महिन्याला सहा दिवस कमी असताना ओलांडला. रिक्षातून नगराच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी श्रीरंगाच्या नाकाला नळी लावली, औषध सुरू केलं. त्या म्हणाल्या, "हा डांग्या खोकलाच. नाक वाहत होतं तेव्हा आणला असता तर औषधाला वाव होता." रागावून म्हणाल्या नाहीत. हळू म्हणाल्या. त्यानं जास्त लागलं. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी श्रीरंगाचा श्वास थांबला तो पुन्हा सुरू झाला नाही. दीड महिन्याच्या सुईला नऊ दिवस उरले होते.

बाबांनी नवा पाळणा सोडवला. कामटी न् कामटी उलगडली. त्याचं त्यांनी काही विणलं नाही. ढिगात टाकलं नाही, चुलीतही घातलं नाही. बांधून माळ्यावर ठेवलं.

आत्या ओसरीवर उभी होती. आई तिला म्हणाली, "वन्सं, माझ्या पोराला तुम्ही दोन गोष्टी दिल्यात. नाव दिलंत आणि खोकला दिलात. नाव तुमच्याबरोबर घेऊन जा. ह्या उंबऱ्यावर पुन्हा दिसू नका."

आत्या तशीच निघाली. विकायची सुपं कोपऱ्यात होती, ती तशीच राहिली. मी वेशीपर्यंत मागं पळाले. "आत्या, मी सांगते आईला. मलाही ठाऊक होतं, सांगते."

आत्या लांबूनच म्हणाली, "जवळ येऊ नकोस, अजून खोकला आहे. आणि ऐक. तू काही बघितलं नाहीस. एक लेकरू गेलं, आता दुसऱ्यावर तिचा राग नको. मला सवय आहे, मी एकटी सोसेन. कबूल कर."

मी कबूल केलं.

मग श्रावणातला शुक्रवार आला. आईनं जिवतीला आघाड्याची माळ घातली. मला पाटावर बसवून ओवाळलं. ज्यांची लेकरं दूर असतात त्या बायका चारी दिशांना अक्षता टाकतात, तुम्ही आत्ता टाकाल तशा. आईनं अक्षता मुठीत घेतल्या आणि ती उठून उभी राहिली. पूर्वेला बघितलं, पश्चिमेला बघितलं. श्रीरंगाची दिशा कुठली, ते तिला कळेना. मूठ मिटलेलीच राहिली. संध्याकाळी मी तिची बोटं उघडली, तर तांदूळ घामानं भिजले होते.

आणि तेव्हाच मला पहिली शिंक आली.

आधी नुसती सर्दी. मग दहा दिवसांनी तशीच ढास, एकामागं एक. मग घागरीसारखी हूक. मग उलटी. आईनं ती हूक ऐकली नि तिच्या हातातलं पातेलं पडलं. पण ह्या वेळी तिनं मिरच्या जाळल्या नाहीत, शेगडी पेटवली नाही, वार बघितला नाही. त्याच दुपारी मला घेऊन दवाखान्यात गेली. औषधाच्या गोळ्या मला दिल्या, आईला, बाबांनाही दिल्या. बाबांनी निरोप्याबरोबर आत्यालाही पाठवल्या. आई म्हणाली, "कुणाला पाठवताय?" बाबा म्हणाले, "माझ्या बहिणीला."

पेटीवाली आजी यायची, उंबऱ्याबाहेर बसायची, सांगायची. आई करायची. ढास आली की मला उठवून बसवायची, पुढं वाकवायची, पाठीवर हात ठेवायची, घाबरायची नाही, किंवा मला दाखवायची नाही. उलटी झाली की थोडं थांबून दोन घास मऊ भात, दोन घोट पाणी. पोटभर एकदम नाही, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. चूल बाहेर मांडली. बाबा विडी ओढायचे, ती त्यांनी त्या दिवशी जी विझवली ती आजपर्यंत. गोळ्या संपेपर्यंत मला शाळेत धाडलं नाही, आणि शेजारच्या तान्ह्याच्या घरी पुढं कितीतरी दिवस जाऊ दिलं नाही. गोळ्या संपल्या तरी खोकला संपला नाही. आजी म्हणाली, "शंभर दिवसांचा पाहुणा आहे हा. गोळीनं दुसऱ्याच्या घरी जात नाही, पण ह्या घरून लवकर उठतही नाही." मी कॅलेंडरवर रेघा मारल्या. सत्त्याण्णव झाल्या.

त्या सत्त्याण्णव दिवसांत रोज मला वाटायचं, आज सांगू. ढास ओसरली की आई माझं तोंड पुसायची आणि म्हणायची, "तू तरी राहिलीस." मग माझ्यानं सांगवत नसे.

मग दोन वर्षं झाली. तुम्ही जाणताच, त्यातच आई पुन्हा गरोदर राहिली. ह्या वेळी दिवस भरत आले तेव्हा डॉक्टरीणबाईंना स्वतः विचारून पोटातल्या बाळासाठी सुई घेतली. पोटातच बाळाला त्याचं बळ मिळतं म्हणाल्या. आणि बाळ झाल्यापासून जी बाई उंबऱ्यात येते तिला आई तीन प्रश्न विचारते. तुम्हाला खोकला आहे का? तुमच्या घरी कुणी खोकतंय का? किती दिवस झाले? आंबूकाकू, तुम्ही परवा म्हणालात, "ही बाळंतीण आहे की नाक्यावरचा पोलीस?" आई म्हणाली, "पोलीसच समजा. उत्तर द्या आणि आत या." आणि गेल्या मंगळवारी सख्ख्या मावशीला शिंका येत होत्या, तर तिला अंगणातूनच लाडू देऊन परत पाठवलं. मावशी रागावली. आई म्हणाली, "रागव. रागावून कुणी मरत नाही."

आईनं टाकलेला वसा असा पुन्हा उचलला. खोकणाऱ्याला पाळण्यापाशी येऊ देत नाही. दीड महिन्याची सुई, अडीचची, साडेतीनची, भिंतीवर जिवतीच्या शेजारी लिहून ठेवलीय, पुढं दीड वर्षाची आणि शाळेत जातानाचीसुद्धा. श्वास अडला तर मुहूर्त बघणार नाही. माळ्यावरच्या कामट्या बाबांनी काढल्या, भिजवल्या, पुन्हा विणल्या. आज बाळाचं बारसं आहे. पाळण्याला माळ बांधून झालीय. फक्त कानात नाव सांगायला आत्या नाही.

आई म्हणाली, "नाव मी ठेवीन."

मी मात्र परवा शाळेतून येताना फोन केला. आत्याला तीन प्रश्न विचारले. तिनं तिन्हींची उत्तरं दिली. म्हणाली, "खोकला जाऊन दोन वर्षं होत आली, बाय. आमच्या आळीत कुणी खोकत नाही. त्या वेळी घेतली नव्हती ती सुईसुद्धा घेतलीय. पण मला उंबरा नाही." मी म्हटलं, "तू ये तर खरी." ती आलीय. तुम्ही सगळ्यांनी बघितलंत आणि बघितलं नाही असं केलंत. अंगणात पंपापाशी उभी आहे. तिनं तोंडाला पदर लावलाय. अर्धा तास झाला.

म्हणून ही कहाणी. आई, राग आम्हां दोघींच्या वाट्याचा आहे, तो एकटीवर नको. अर्धा माझा. लपवायला तिनं सांगितलं आणि लपवलं मी. ती तुझ्या पोराशी वाईट वागली नाही, ती नुसती भ्याली. मीही भ्याले. कुणी विचारलं असतं आणि कुणी हसलं नसतं, तर तिनं बारशाच्या दिवशी आपणहून सांगितलं असतं.

पुस्तकातल्या कहाणीत गेलेलं लेकरू परत येतं. माझ्या वहीत ते येत नाही. मी पुष्कळ दिवस विचार केला, पण लिहिता आलं नाही. तेव्हा फळ एवढंच मागते. सगुणेला जे फार उशिरा कळलं ते तुम्हांला वेळेवर कळो. तुमच्या घरी आलेल्यानं आपला खोकला न लपवता सांगावा आणि तुम्ही त्याला न हिणवता अंगणात बसवावं. तुमच्या पाळण्यातले श्वास मोजायची वेळ तुमच्यावर न येवो. जशी जिवती आमच्यावर उशिरा का होईना कृपा करील, तशी तुम्हां आम्हां करो. ही साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत...

"रेवू!"

आई, वाचतेय मी, शेवटची ओळच राहिलीय.

"ओळ राहू दे. वही ठेव आणि अंगणात जा. वन्संना तीन प्रश्न विचार. माझ्या वतीनं विचार, माझ्याच शब्दांत. मग हातपाय धुवायला पाणी दे. आणि म्हणावं, लवकर या, बाळाचा कान केव्हाचा वाट बघतोय. आणि आंबूकाकू, आज कुणी पाठीत धपाटे घालायचे नाहीत."

काकू, अक्षता खाली ठेवू नका हं, हातातच धरा, मी एवढं विचारून आले की मग आपण शेवटची ओळ म्हणून त्या टाकू.